डांबर, ढेकूळ आणि एकच गाडी

१९६८ साली दोन घटना घडल्या. एकीचा दुसरीशी काडीचाही संबंध नव्हता. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीजकेंद्राचा ६२.५ मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला, आणि अमेरिकेच्या बाजारात यामाहा या जपानी कंपनीची ‘डीटी-१’ ही २५० सीसीची मोटारसायकल विक्रीस आली. पहिलीमुळे तापीकाठच्या शेतकरी मुलखात पाळ्यांमध्ये काम करणारी एक पगारदार वसाहत उभी राहिली. दुसरीने ‘रस्त्यावरही चालेल आणि रानातही चालेल अशी एकच गाडी’ ही कल्पना जगाला विकली. या कल्पनेचा इतिहास मात्र सहसा सांगितला जातो त्याहून वेगळा आहे. (धागा)

आधी दीपनगरचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. वसाहतीच्या दारातून सुरत–नागपूर–कोलकाता महामार्ग जातो. पश्चिमेला भुसावळ आणि पुढे जळगाव, पूर्वेला वरणगाव. उत्तरेला तापी ओलांडली की यावल–रावेरची केळीची काळी जमीन, तिच्यापलीकडे सातपुड्याचा पायथा आणि पालच्या दिशेने चढत जाणाऱ्या वाटा. म्हणजे अर्ध्या दिवसाच्या फेरफटक्यात जड वाहनांचा महामार्ग, गावचा उखडलेला रस्ता, चिखलाची पाणंद आणि दगडगोट्यांचा घाट, असे चारही प्रकार चाकाखाली येतात.

वीजकेंद्रात पाळी आणि गावाकडे चार एकर शेत, असे दुहेरी आयुष्य जगणाऱ्याला दोन गाड्या परवडत नव्हत्या. त्यामुळे ‘एकच गाडी, पण कोणती?’ हा प्रश्न तेथे हौसेचा नव्हता, संसाराचा होता. चुकीची निवड झाली तर पाळी चुकणार, नाहीतर केळीचे पाणी.

आज समाजमाध्यमांवर दुहेरी वापराच्या मोटारसायकलीची जन्मकथा बहुधा १९६८ च्या डीटी-१ पासून, किंवा १९८० च्या बीएमडब्ल्यूपासून सुरू होते. ही कथा अर्धीच खरी आहे. मोटारसायकल जन्मली तेव्हा डांबरी रस्ता हीच दुर्मीळ गोष्ट होती. प्रत्येक गाडी धूळ, खडी आणि गाडीवाटांच्या चाकोऱ्यांवरच चालत असे. १९१३ मध्ये इंग्लंडमधील कार्लाइल येथे पहिली आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची चाचणी झाली. तीत उतरलेल्या गाड्या आणि रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या यांत आजच्यासारखा जातिभेद नव्हता.

भेद पडला तो नंतर. रस्ते गुळगुळीत झाले तशा गाड्या वेगासाठी घडू लागल्या, आणि ज्यांना चिखलातच मौज वाटत होती त्यांनी आपला वेगळा खेळ काढला. १९२४ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे जी शर्यत झाली, तिच्यापासून ‘स्क्रॅम्बल’ हा शब्द रूढ झाला. पुढील तीस-चाळीस वर्षांत रस्त्याची गाडी आणि रानाची गाडी असे दोन वंश स्पष्ट झाले. सारांश, दुहेरी गाडी हा नवा शोध नाही. दुफळी नवी आहे, आणि ती ज्या देशांत रस्ते चांगले होते व घरात दुसरी गाडी ठेवण्याइतका पैसा होता तेथेच पडली.

खानदेशात तर हा प्रश्न मोटारीहूनही जुना. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. (सारंगखेडे आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, १९९८ पूर्वी ते धुळे जिल्ह्यात होते.) घोडा घेणाऱ्यालाही एकच जनावर पोसायचे असे. मैदानात पळेल पण घाटात पाय टाकणार नाही असा उमदा घोडा घ्यावा, की दिसायला बेताचा पण दोन्हीकडे निभावणारा? मराठ्यांच्या घोडदळाने या प्रश्नाचे उत्तर दख्खनी तट्टूच्या रूपाने दिले होते. अरबी घोड्याची उंची आणि ऐट त्याला नव्हती. मात्र रोडक्या चाऱ्यावर तो तग धरी आणि खडकाळ उतारावर डगमगत नसे. त्याच परंपरेतील भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदणी अलीकडे झाली. ‘बुटके, काटक, कमी खाणारे’ ही तीन विशेषणे पुढे मोटारसायकलींच्या संदर्भातही लागणार आहेत, ती लक्षात ठेवावीत.

रस्त्यांची स्थिती कशी होती याची कल्पना एका प्रसिद्ध प्रसंगावरून येते. डिसेंबर १९३६ मध्ये दीपनगरपासून जवळच, यावल तालुक्यातील फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक निघाली ती नंदलाल बोस यांनी सजवलेल्या बैलांच्या रथातून. त्यामागे ग्रामजीवनाच्या गौरवाची भूमिका होतीच. पण त्या शिवारात त्या काळी बैलांहून भरवशाचे वाहन नव्हते हेही तितकेच खरे.

आता बुलेटकडे वळावे, कारण भारतीयांच्या मनात तिची प्रतिमा नेमकी उलटी आहे. महामार्गाची राणी, सरळ रस्त्यावर धडधडत जाणारी, अशी तिची ओळख. प्रत्यक्षात आज ओळखीची असलेली बुलेट चिखलात वाढली. १९४८ च्या आरंभी रॉयल एनफिल्डने तिचा नमुना ब्रिटनमधील कोलमोर चाचणीत उतरवला. ही चाचणी म्हणजे ओढे, दगड आणि निसरडे चढ पाय न टेकता पार करण्याची स्पर्धा.

त्या नमुन्यात एक धाडस होते. मागचे चाक चौकटीला पक्के न जखडता वरखाली हलणाऱ्या दांड्यावर बसवून त्याला दोन शॉकअबसॉर्बर दिले होते. त्या काळचे चाचणीपटू अशा मऊ मागल्या चाकाकडे संशयाने पाहत; घट्ट चौकटच चिखलात पकड देते, अशी त्यांची श्रद्धा होती. त्याच वर्षी इटलीत सान रेमो येथे झालेल्या सहा दिवसांच्या चाचणीत बुलेटच्या दोन स्वारांनी सुवर्णपदके मिळवली आणि त्या श्रद्धेला तडा गेला. खडबडीत जमिनीवर चाक जमीन सोडत नाही तेच चाक पकड देते, हा धडा त्यानंतर सर्वांनी गिरवला. गंमत अशी की रस्त्यावरच्या स्वाराच्या पाठीला मिळालेला आराम हे त्याच धड्याचे उपफळ होते. रानासाठी केलेली सुधारणा डांबरावर कामी आली.

१९५० च्या दशकात भारतीय लष्कराने सीमेवरील गस्तीसाठी ३५० सीसीची बुलेट निवडली, ती याच गुणांवर. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली. १९७० मध्ये इंग्लंडमधील मूळ कंपनी मिटली, मद्रासची मात्र चालत राहिली. १९ इंची चाके, मंद गतीला जोर देणारे इंजिन आणि दुरुस्तीला सोपी रचना यांमुळे ती गावोगाव पोहोचली. तिचा दोष एकच, पण मोठा होता. वजन दीडशे किलोंहून बरेच जास्त. काळ्या जमिनीत ती रुतली की एकट्या माणसाच्या हाताने निघत नसे.

वजनाच्या या अडचणीवर उत्तर म्हणून दोन टू-स्ट्रोक गाड्या आल्या. मुंबईच्या रुस्तम आणि फरोख इराणी यांच्या ‘आयडियल जावा’ने १९६१ पासून म्हैसूरला चेकोस्लोव्हाकियाच्या जावाची निर्मिती सुरू केली, १९७३ पासून ती ‘येझ्दी’ झाली. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने १९६० च्या दशकाच्या आरंभी पोलंडच्या एसएचएल गाडीचा परवाना घेऊन ‘राजदूत’ काढली. या गाड्यांची मूळ भूमी पूर्व युरोप होती. तेथेही युद्धानंतर रस्ते खराब होते आणि माणसाला एकच वाहन परवडत असे. परकीय चलनाच्या टंचाईत आणि सरकारी धोरणांच्या चौकटीत झालेली ही निवड आपल्या ग्रामीण भागाला फळली, याचे श्रेय योगायोगालाच द्यावे लागेल.

या गाड्यांचा बारकाईने विचार केला तर त्यांत आजच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ गाड्यांतही नसलेले शहाणपण दिसते. जावाची साखळी पूर्ण बंद पेटीत असे. उन्हाळ्यात खानदेशच्या वाटांवर पिठासारखी धूळ उडते; ती उघड्या साखळीच्या तेलात मिसळली की साखळी आणि दातेरी चक्र दोन्ही झिजतात. टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत आणि वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे. बंद पडलेली गाडी प्लग काढून, पुसून, पुन्हा लावून सुरू करता येई, आणि एवढी हिकमत गावातल्या कोणत्याही पोराला ठाऊक असे. महामार्गावरच्या मिस्त्रीची वाट पाहण्याची गरज नव्हती. राजदूतच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकावून पहाटे मळ्यातून निघणारा माणूस ‘दुहेरी वापर’ हा शब्द न उच्चारता तो रोज सिद्ध करत होता.

याच वंशात पुण्याच्या बजाजची ‘एम-एटी’ही घ्यावी. १९८६ मध्ये आलेल्या या गाडीला मोटारसायकल म्हणावे की स्कूटर, याचा निकाल अजून लागलेला नाही. गिअर स्कूटरसारखे हाताने बदलायचे, चाके मात्र मोटारसायकलीच्या धाटणीची, आणि मधला भाग मोकळा. त्या मोकळ्या जागेत खताची गोणी बसे. वजन इतके कमी की बांध आडवा आला तर उचलून पलीकडे ठेवावी. महाराष्ट्रातील दूधवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी तिच्यावर जो भार लादला, तो तिच्या आराखडाकारांच्या स्वप्नातही नसावा. बुटकी, काटक, कमी खाणारी: तट्टूचीच लक्षणे.

एक विसरलेला अध्याय डिझेल बुलेटचा. एनफिल्डने ३२५ सीसीचे, शेतीपंपावर चालणाऱ्या इंजिनांच्या जातीचे डिझेल इंजिन मोटारसायकलीत बसवले. ताकद जेमतेम साडेसहा अश्वशक्ती. ती कोणालाही ओलांडून पुढे जात नसे. परंतु पंपासाठी घरात आणलेले डिझेलच तिला चाले, आणि पंपाचा मिस्त्रीच तिचा मिस्त्री होई.

दरम्यान जगात काय चालले होते? १९६२ मध्ये डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन यांनी होंडाच्या २५० सीसी स्क्रॅम्बलरवर मेक्सिकोतील तिहुआना ते ला पाझ हा वाळवंटी प्रवास केला. एकिन्सला ३९ तास ५६ मिनिटे लागली. डीटी-१ ने १९६८ मध्ये ही हौस सामान्य अमेरिकनाच्या आवाक्यात आणली. दिवे, क्रमांकाची पाटी आणि रस्त्यावर चालवण्याची मुभा असलेली, तरीही हलकी आणि उंच अशी ती गाडी होती. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने ‘आर ८० जी/एस’ काढली. ‘जी’ म्हणजे जर्मनमध्ये रान-भूप्रदेश, ‘एस’ म्हणजे रस्ता. मधली तिरपी रेघ हीच तिची खरी जाहिरात. १९८१ मध्ये ह्यूबेर ओरिओलने तिच्यावर पॅरिस–डाकार शर्यत जिंकली आणि ८०० सीसीची अवजड गाडीही वाळूत जाते हे दाखवले. मात्र डीटी-१ चा ग्राहक सुट्टीच्या दिवशी रानात जाणारा होता. खानदेशातला ग्राहक रानातच राहत होता आणि कामासाठी रस्त्यावर येत होता. एकाच यंत्राकडे पाहण्याच्या या दोन दिशा आहेत, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

१९८५ मध्ये हिरो होंडाची ‘सीडी १००’ आली. ९७ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन, एका लिटरमध्ये कल्पनातीत अंतर. टू-स्ट्रोकचे राज्य हळूहळू ओसरले. २५ डिसेंबर २००० रोजी पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली. ५०० हून अधिक वस्तीची गावे, आणि डोंगरी व आदिवासी भागांत २५० हून अधिक वस्तीचे पाडे, बारमाही रस्त्याने जोडण्याचे तिचे उद्दिष्ट होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या कित्येक वस्त्यांसाठी ही मोठीच घटना. डांबर गावापर्यंत आले आणि १०० सीसीची गाडी गावाची मालकीण झाली. बहुतेक प्रवास डांबरावरचा झाल्यावर पेट्रोलचा हिशेब चिखलाच्या हिशेबावर मात करणार, हे उघड होते.

परंतु गावापासून शेतापर्यंतचा शेवटचा तुकडा तसाच राहिला. राज्य सरकारला २०२१ मध्ये शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी ‘मातोश्री’ योजना काढावी लागली, ती या कारणाने. म्हणजे दीपनगरच्या कामगाराचा प्रश्न सुटला नव्हता, फक्त आखूड झाला होता.

याच टप्प्यावर, २०११ मध्ये, होंडापासून विभक्त झालेल्या हिरोने ‘इम्पल्स’ ही गाडी आणली. १४९ सीसी, उंच मडगार्ड, लांब झोके देणारे सस्पेन्शन, पुढे १९ इंची चाक. कागदावर पाहिले तर खानदेशासाठीच घडवल्यासारखी. तरीही ती चालली नाही. काही वर्षांत बाजारातून गेली. महामार्गावर तिची ताकद तोकडी पडते असे शहरी हौशी स्वार म्हणाले. शेतकऱ्याने तिच्याकडे पाहिलेच नाही, कारण १०० सीसीपेक्षा ती महाग होती, पेट्रोल जास्त पीत होती आणि तिची सीट उंच होती. शहरी स्वाराला सुट्टीसाठी ती अपुरी आणि ग्रामीण स्वाराला कामासाठी ती फाजील. जिचे कौतुक सर्वांनी केले आणि जी कोणी घेतली नाही, अशी ही गाडी अभ्यासण्यासारखी आहे.

२०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची ‘हिमालयन’, २०१९ मध्ये हिरोची ‘एक्सपल्स २००’ आणि २०२० मध्ये चाकणला घडणारी ‘केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर’ आली, तेव्हा परिस्थिती पालटली होती. लांबच्या प्रवासाची हौस असलेला तरुण वर्ग तयार झाला होता आणि त्याच्या खिशात पैसा होता. ‘एकच गाडी’ निवडणारा जळगाव-धुळ्याचा तरुण या तिघींची तुलना करू लागला. त्या तुलनेत आकडे काय सांगतात ते पाहण्यासारखे आहे.

पुढच्या चाकाचा व्यास हा पहिला आकडा. हिमालयन आणि एक्सपल्सचे पुढचे चाक २१ इंची. ते दगडावर सहज चढते, खड्ड्यात कमी बुडते. पण डांबरी वळणावर गाडी आळसाने वळते. पहिल्या केटीएमचे १९ इंची चाक वळणावर चपळ, दगडांत जरा कच्चे. दुसरा आकडा सस्पेन्शनच्या झोक्याचा: एक्सपल्समध्ये पुढे १९० मिलिमीटर, पहिल्या हिमालयनमध्ये २००. जितका झोका लांब, तितका खडबडीत वाटेवर चाकाचा जमिनीशी संबंध टिकतो, आणि तितकेच महामार्गावर जोरात ब्रेक दाबताच गाडीचे नाक खाली जाते. यांतला प्रत्येक गुण दुसऱ्या बाजूने पाहिला की दोष आहे. कोणताही कारखाना याला अपवाद घडवू शकलेला नाही.

तिसरा आकडा वजनाचा, आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. हिमालयन १८० किलोंच्या वर, एक्सपल्स साधारण १५४, तर १०० सीसीची स्प्लेंडर ११२ च्या आसपास. महामार्गावर समोरून ट्रक गेल्यावर वजन गाडी स्थिर ठेवते. सातपुड्यातल्या नाल्यात आडवी झालेली गाडी एकट्याने उभी करायची असते तेव्हा प्रत्येक किलो मोजला जातो. बुलेट आणि एम-एटी यांच्यामधला जुना वाद येथे नव्या नावांनी परत येतो.

आणि मग काळी माती. बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून झालेल्या या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकण खनिजे असतात. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला दमदार पाऊस झाला की तीच माती चाकाला लोण्यासारखी चिकटते. टायर खोल नक्षीचा असला तरी नक्षीतल्या खाचा चार-पाच फेऱ्यांत भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. मडगार्ड चाकालगत असेल तर चिखल मधल्या फटीत दाबून बसतो आणि चाक अक्षरशः थांबते. रानासाठी केलेल्या गाड्यांचे पुढचे मडगार्ड चाकापासून वीतभर उंच असते ते यासाठी, शोभेसाठी नव्हे. खानदेशात मात्र मिस्त्रीकडे जाऊन खालचे मडगार्ड काढून टाकणे हा याहून स्वस्त उपाय आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडी तो सर्रास केला जातो.

चाक, झोका, वजन आणि टायर यांची एवढी चर्चा झाल्यावरही एक दृश्य उरते. आषाढात दीपनगरच्या महामार्गावरून आत वळून यावल-रावेरच्या कोणत्याही गावी जावे. जेथे डांबर संपते आणि पाणंद सुरू होते तेथे, लिंबाच्या झाडाखाली, आठ-दहा गाड्या ओळीने उभ्या दिसतात. त्यांत स्प्लेंडर असते, एखादी जुनी एम-एटी असते, क्वचित नवी कोरी हिमालयनही असते. हँडलला चपला अडकवलेल्या असतात आणि पावलांचे ठसे केळीच्या बागांकडे गेलेले असतात.